आईकडून

आसावरी ओगले पाच वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंग गावात एकटी राहिली आणि त्या पाच वर्षांत तिच्याविषयी कुणी कुणाला मुद्दाम काही सांगावं असं घडलं नाही. वर्क परमिटवर ती नागपूरहून आली तेव्हा अडतिसाव्या वर्षात होती. स्टेशनपासून वीस मिनिटांवर, एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतलं एक अरुंद घर तिनं भाड्यानं घेतलं. सकाळी सात चाळीसच्या बसनं ती मोटारवेजवळच्या ऑफिसात जाई, इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर शोधून काढी आणि संध्याकाळी परत येऊन कुकर लावी. रविवारी लंडनच्या स्टॅनमोर भागातून नीनाचा फोन येई. नीना तिची शाळेपासूनची मैत्रीण, लग्न होऊन वीस वर्षांपूर्वीच इकडे आलेली आणि आता एका वकिलाच्या ऑफिसात व्हिसाच्या फायली सांभाळणारी.

दोन हजार सहाच्या जानेवारीत कंपनीनं रीडिंगचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. परमिट कंपनीच्या नावावर होतं, त्यामुळे जूनअखेर आसावरीला देश सोडावा लागणार हे उघडच झालं. नागपूरचं घर आई गेल्यावर विकलं होतं. परत जायचं तर नेमकं कुठे, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि कपाटातले हिवाळी कपडे धुवायला काढले.

त्या रविवारी नीना नेहमीसारखी हवेबद्दल बोललीच नाही.

"आसावरी, नीट ऐक. तुझी आई एडिनबराला जन्मली होती ना?"

"हो. आजोबा तिथे डॉक्टरी शिकत होते. चार वर्षांची असताना परत आली."

"मग तू क्लेम करू शकतेस. दोन हजार तीनमध्ये कायदा बदललाय. एकसष्टच्या फेब्रुवारीनंतर जन्मलेल्यांना आता आईकडूनही सिटिझनशिप मिळते. तू त्रेसष्टची. यू क्वालिफाय."

"आईकडून?"

"आईकडून."

फोन ठेवल्यावर आसावरी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तो शब्द तिनं एका कचेरीत, बाराव्या वर्षी, आईचा हात धरून उभी असताना ऐकला होता. आई शाळेत भूमिती शिकवायची. विलायतेचं तिला काही कौतुक नव्हतं. पण आपल्या जन्माचा दाखला खरा आहे तर त्यातून जे निघतं ते मुलीला मिळालं पाहिजे, असं तिचं सरळ गणित होतं. सुट्टी काढून, रेल्वेनं सबंध रात्र बसून, ती आसावरीला घेऊन मुंबईच्या त्या ब्रिटिश कचेरीत गेली होती. खिडकीमागच्या माणसानं कागद उलटून पाहिले आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, की हा हक्क बापाकडून जातो, आईकडून जात नाही. आई त्याला पुन्हा एकदा विचारून मोकळी झाली नाही. तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं तेच उत्तर दिलं. बाहेर फुटपाथवर आल्यावर आईनं कागद घडी करून पिशवीत ठेवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं." नंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. पण गॅसची जोडणी असो की निवृत्तीचं वेतन, कुठलंही काम अडलं की ती आसावरीला सांगे, "पत्रं पाठवून कामं होत नसतात. समोर जाऊन उभं राहावं लागतं." नव्याण्णव साली ती गेली. घाटावर अग्नी कुणी द्यायचा यावरून नातेवाइकांत कुजबूज झाली तेव्हा आसावरीनं पुढे होऊन तो स्वतः दिला होता.

एडिनबराहून जन्माचा दाखला आठ दिवसांत आला. मीनाक्षी, वडील दीनानाथ बेडेकर, वैद्यकीय विद्यार्थी, साल एकोणीसशे चौतीस. आसावरीनं तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि बाकीच्या कागदांसह कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात गेली. तिथे अर्ज तपासून पुढे होम ऑफिसला पाठवण्याचं काम मिसेस पॉवेल नावाच्या बाई करत. साठीला आलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या, कागद हाताळण्याआधी बोटं रुमालाला पुसणाऱ्या. त्यांनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

"इथे तुमच्या आईचं नाव मीनाक्षी आहे. आणि तुमच्या जन्माच्या दाखल्यावर सुलक्षणा."

"लग्नात नाव बदलतात आमच्याकडे. पहिलं नावसुद्धा."

"त्याचा कागद असेल ना?"

तसा कागद आसावरीकडे नव्हता. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नाव लिहितात, लोक वाचतात, मग तेच तांदूळ गोळा करून घेतात, हे तिनं मिसेस पॉवेलना कसंबसं सांगितलं. त्यांनी ते अगदी लक्षपूर्वक ऐकलं, "किती सुंदर," म्हणाल्या, आणि अर्जाच्या कडेला पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं.

नागपूरला मामेभाऊ अतुलनं दोन ट्रंका उपसल्या. काही सापडलं नाही. आजी-आजोबा, वडील, मामा, लग्नाला हजर असलेले कुणीच आता उरले नव्हते. एप्रिलमध्ये होम ऑफिसचं पत्र आलं. मीनाक्षी बेडेकर आणि सुलक्षणा ओगले या एकच व्यक्ती असल्याचा पुरावा अठ्ठावीस दिवसांत द्यावा, अन्यथा अर्ज फेटाळला जाईल. आसावरीनं ते पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि रोज सकाळी दूध काढताना त्यातले उरलेले दिवस मोजले.

चोविसाव्या दिवशी, गुरुवारी, तिला सडकून ताप भरला. सकाळी कशीबशी उठून ऑफिसला कळवलं, दोन गोळ्या घेतल्या आणि ती झोपली ती थेट संध्याकाळी उठली. ताप उतरला होता, कपाळ गार होतं. पाणी प्यायला खाली आली तेव्हा दाराजवळच्या खुंटीवरचा तिचा राखाडी कोट तिला ओला दिसला. बाहेर दिवसभर पाऊस झालेला असावा. पण कोट बाहेर नव्हता. तिनं तो हिटरजवळ वाळत टाकला, आणि तापातून उठलेलं माणूस जसं कशाचंच फार नवल करत नाही तसं तिनंही केलं नाही.

सोमवारी ती मुदत वाढवून मागायला कौन्सिलमध्ये गेली. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. मिसेस पॉवेल तिला पाहून उठून उभ्या राहिल्या.

"अहो, पण ते झालं की! तुमच्या आईंनी गुरुवारी कागद आणून दिला. मी त्याच दिवशी पुढे पाठवला."

आसावरीच्या हातातला फोल्डर टेबलावर टेकला.

"बसा म्हटलं तर बसल्यासुद्धा नाहीत," मिसेस पॉवेल सांगत होत्या. "म्हणाल्या, मला एकदा खिडकीवरून परत पाठवलं होतं, या वेळी पोच घेतल्याशिवाय जाणार नाही. मला फार आवडल्या त्या. हनुवटी अगदी तुमची. कोटही तुमचाच होता ना? बाह्या जरा लांब होत होत्या त्यांना."

त्यांनी फायलीतली प्रत काढून पुढे सरकवली. गावातल्याच एका वकिलाच्या शिक्क्यानिशी केलेलं साधं एका पानाचं प्रतिज्ञापत्र होतं. मी, सुलक्षणा ओगले, पूर्वाश्रमीची मीनाक्षी बेडेकर, जन्म एडिनबरा, असं सांगते की आसावरी ही माझी मुलगी आहे. खाली सही होती. प्रगतिपुस्तकांवर, बँकेच्या पावत्यांवर, शाळेच्या रजेच्या अर्जांवर आसावरीनं ती सही शेकडो वेळा पाहिली होती; 'सु'चा उकार मागे वळून सगळ्या नावाखाली रेघ ओढत जायचा.

माझी आई सात वर्षांपूर्वी वारली, हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. ते खरं होतं, आणि ते बोलायला चार सेकंद पुरले असते. मिसेस पॉवेल चष्म्यावरून तिच्याकडे पाहत होत्या. आसावरीनं प्रतीवरून एकदा बोट फिरवलं आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "हो. ती अशीच आहे."

बाहेर आल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही असं नाही. पण तिच्या आत, बरगड्यांच्या आतल्या बाजूनं, एक ऊबदार, जवळजवळ उर्मट आनंद चढत गेला. कुणीतरी खिडकीशी जाऊन उभं राहिलं होतं. कुणीतरी पोच घेतली होती. नीनाला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, की कागद मिळाला.

"कुठून?"

"घरातच होता."

मेच्या अखेरीस मंजुरीचं पत्र आलं. ते तिनं उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं वाचलं. अर्जदाराच्या मातेनं समक्ष सादर केलेल्या निवेदनाची नोंद घेऊन, असं त्यात दुसऱ्याच परिच्छेदात होतं. त्या दिवशी तिनं श्रीखंड केलं, दोन वाट्या भरल्या, आणि आपण दोन का भरल्या हे लक्षात आल्यावरही दुसरी परत पातेल्यात ओतली नाही.

शपथविधी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होता. दोन पाहुणे आणता येतील असं पत्रात होतं. आसावरीनं एकट्या नीनाचं नाव कळवलं. टाउन हॉलच्या त्या दालनात अठ्ठावीस माणसं होती. घाना, पोलंड, श्रीलंका, कुठून कुठून आलेली, सगळी इस्त्रीच्या कपड्यांत. आसावरीनं आईची मोरपंखी नारायणपेठ नेसली होती. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि नीनाच्या शेजारच्या खुर्चीवर टंकलेलं होतं, मिसेस एस. ओगले.

"हे बघ, तुझंच नाव चुकून इथे लावलंय," नीना हसून म्हणाली आणि तिनं आपली पर्स त्या खुर्चीवर ठेवली.

महापौर आल्या, गळ्यात जाड साखळी घातलेल्या. एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. आसावरी पुढच्या रांगेत होती. आपली पाळी येण्याआधी तिनं एकदाच मागे वळून पाहिलं. नीना समोर महापौरांकडे बघत होती. तशी बघत असतानाच तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि दोन्ही गुडघे किंचित बाजूला वळवले, नाटकाला उशिरा आलेल्या माणसाला आत जाऊ देण्यासाठी वळवतात तसे.

मग आसावरीचं नाव आलं. ती उठली. शपथ वाचताना तिचा आवाज कापला नाही. उलट तो इतका स्वच्छ, इतका भरदार निघाला, की दारापाशी उभ्या असलेल्या मिसेस पॉवेलनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. महापौरांनी हात हातात घेतला.

"तुम्हाला हे कुणाकडून मिळालं? वडील इथले?"

"नाही," आसावरी म्हणाली. "आईकडून."

तो शब्द माइकमधून सबंध दालनात गेला. टाळ्या वाजल्या. आयुष्यात इतक्या लोकांनी तिच्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि त्या तिला कमी वाटल्या नाहीत, जास्तही वाटल्या नाहीत. अगदी जेवढ्या हव्या होत्या तेवढ्याच वाटल्या.

नंतर चहा आणि छोटे केक होते. नीनानं तिला घट्ट मिठी मारली, मग भारतीय पासपोर्ट परत करायचा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा फॉर्म भरायचा, या सगळ्याची यादी सांगितली. दाराबाहेर आल्यावर मात्र ती थोडी घुटमळली.

"आसावरी, तिथे कुणी बसलं होतं का गं माझ्या शेजारी?"

"का?"

"काही नाही. पर्स उगाच उचलली मी." तिनं हातरुमालानं मान पुसली. "मावशी आज असत्या ना, तर किती खूश झाल्या असत्या."

"झाली असती," आसावरी म्हणाली, आणि तिला हसू आलं.

जुलैत दुसऱ्या कंपनीनं तिला कामावर घेतलं. आता परमिटचा प्रश्न कुणी विचारला नाही. पासपोर्ट आला, नवा, ताठ पानांचा. कार्डाचा फॉर्म गेला. उन्हाळा त्या वर्षी लांबला. शेजारचा म्हातारा कुंपणावरून आताशा दोनदा गुड मॉर्निंग म्हणे, एकदा तिच्याकडे बघून आणि एकदा तिच्या खांद्याच्या जरा मागे बघून. तीही त्याला दोनदा उत्तर देऊ लागली.

सप्टेंबरमध्ये कौन्सिलचा मतदारयादीचा फॉर्म आला. या घरात राहणाऱ्यांची नावं खाली छापली आहेत. जे आता इथे राहत नाहीत त्यांच्या नावावर काट मारावी, आणि काहीच बदलायचं नसेल तर खालच्या चौकटीत खूण करून सही करावी. नावं दोन होती. ओगले, आसावरी. ओगले, सुलक्षणा.

शनिवारची सकाळ होती. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. आसावरीनं पेन उघडलं आणि दुसऱ्या नावावर धरलं. एक रेघ, एवढंच काम होतं; चुका शोधून त्यावर काट मारण्यातच तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. मग तिनं खालच्या चौकटीत 'बदल नाही' यावर खूण केली, सही केली, फॉर्म पाकिटात घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आली.

परत येताना तिच्या चालण्यात असा काही झोक होता, की समोरून येणाऱ्या पोस्टमननं तिला वाट करून दिली. दाराशी आल्यावर तिनं खिशातून किल्ली काढली. ती हातात तशीच धरून तिनं बेल वाजवली, आणि पदर सारखा करावा तसा कोट सारखा करत, दार उघडायची वाट बघत उभी राहिली.