हळदीच्या अंगानं ड्यूटी

लखनच्या लग्नात सगळ्यात आधी आडवा झाला तो डोमाजी, आणि तोही नवरदेवाच्याच घरची जिलबी खाऊन.

डोमाजी म्हणजे लखनचा कामावरचा जोडीदार. इचोड्याच्या पलीकडून डिझेलचा मोठा नळ जमिनीखालून जातो, त्याच्यावरून रोज चालायचं, कुणी खोदत नाही ना, कुठं माती ओली दिसत नाही ना ते बघायचं, हे दोघांचं काम. नेमकी लग्नाच्याच दिवशी नळाची सफाई निघाली, तेव्हा डोमाजी छातीवर हात मारून म्हणाला होता, “तू बिनधास्त बोहल्यावर चढ, तुही ड्यूटी माह्याकडं.” आदल्या दिवशी हळदीच्या पंगतीत त्यानं जिलबीचा असा काही फडशा पाडला की सकाळी त्याला खाटेवरून उठवेना.

त्यामुळं नवरीच्या गावाच्या, लिंबगुड्याच्या वेशीवर, बाशिंग बांधून, हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन, घोड्यावर ताठ बसलेल्या लखनचा फोन वाजला. पलीकडं त्याचे सुपरवायझर नागनाथराव होते.

“लखन, त्या खांबावर आता तुलेच बसा लागते.”

“साहेब, मी घोड्यावर बसलो आहो!”

“मंग उतर. खांब तुह्या सासऱ्याच्या मांडवामागंच आहे. तुह्यापेक्षा जवळ दुसरं कोणी आहे का?”

नागनाथराव मोटरसायकलवर आले, ऐकायचं यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पुढच्या खांबाकडं निघून गेले. घोड्याच्या मालकानं हात जोडून विचारलं, “वजन वाढलं का?”

नळाची सफाई कशी होते, हे लखननं सासरी अनेकदा समजावलं होतं. रबराच्या थाळ्या लावलेलं, पिंपाएवढं एक धूड नळात सोडतात. मागून डिझेल रेटत येतं आणि हे धूड आतला गाळ खरवडत पुढं जातं, साधारण वरातीच्या चालीनं. त्याचं नाव पिग. लिंबगुड्याची माणसं सरळ डुक्कर म्हणतात. वाटेत पिवळे खांब असतात, तिथं एकेक माणूस जमिनीला यंत्र लावून बसतो आणि धूड पायाखालून गेलं की फोन करतो. एका खांबाला ऐकू आलं आणि पुढच्याला आलंच नाही, तर ते मधे अडकलं असं धरतात. मग पंप बंद आणि खोदायचं मशीन आत.

आता मधे काय होतं? वामनरावांची, म्हणजे लखनच्या सासऱ्याची, कणसाला आलेली ज्वारी आणि नळावर मोकळा ठेवायचा पट्टा सोडून पण त्याला खेटून घातलेला मांडव. रस्त्याच्या कडेला पिवळं मशीन आधीच येऊन उभं होतं. त्याचा ड्रायव्हर मांडवात बुंदीचे लाडू खात होता, पण तो लाडू खातोय म्हणून मशीन चालवणार नाही, असं थोडंच आहे? नवरीसाठी, प्रणितासाठी, लखन दिवाळीपासून दिवस मोजत होता. आज मांडव उखडला, तर वामनराव पुढचा मुहूर्त काढतील की दुसरा जावई, याचा त्याला भरवसा वाटेना.

तो घोड्यावरून उतरला आणि खांबाकडं पळाला. त्याच्यामागं सगळी वरातही पळाली.

हळद लागलेल्या नवरदेवाला एकटं सोडत नाहीत. बाहेरचं काही झपाटतं म्हणतात. म्हणून आत्या आशाबाई मागं, करवल्या मागं, मामे-मावसे मागं, बँडवाले मागं, आणि आपलं भाडं पळून चाललं असं वाटून घोडाही मागं. लखननं मातीत यंत्र टेकवलं, कानात वायरी घातल्या आणि दचकला. कानात चपला वाजत होत्या. शेकडो चपला, पैंजणं, घोड्याच्या टापा.

“आवाज नका करू!” तो ओरडला.

सगळे चूप झाले. मराठी लग्नात एवढी शांतता लिंबगुड्यानं कधी ऐकली नव्हती. पण कुणी पाय बदलला, कुणी लेकरू कडेवरून खाली ठेवलं, की कानात धाडकन.

“तुमी सगळे मांडवाच्या पल्याड जा. पाय ऐकू येऊन राह्यले.”

“अन तुले एकटं सोडू? हळदीच्या अंगानं?” आशाबाईंनी पदर खोचला. “नळातलं डुक्कर जाऊ दे पाण्यात. मी इथून हलत नाही.”

“ते डिझेलात आहे, आत्या.”

“मंग डिझेलात जाऊ दे!”

वामनराव आले, घड्याळ बघितलं, मशीन बघितलं, ज्वारी बघितली. “जावईबापू, मुहूर्त टळून राह्यला. माह्या पोरीचं लग्न काऊन थांबवलं?”

फोन पुन्हा वाजला. मागच्या खांबावरून धूड कधीच गेलं होतं. तुझ्याकडं आलं नसेल तर मी मशीनवाल्याला सांगतो, असं नागनाथराव म्हणत होते.

“थोडं थांबा साहेब,” लखन गयावया करत म्हणाला.

तेवढ्यात मांडवाच्या कनातीमागून आवाज आला. “मी बसते त्यांच्याजवळ.”

प्रणिता होती. बारावीनंतर उटनूरला नर्सिंग करून आलेली, बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. स्वतःच्या तर मुळीच नाही. “मले बी हळद लागली आहे. मले बी एकटं सोडत नाही. आमी दोघं एकमेकाच्या सोबतीनं बसतो, तुमी सगळे जा.”

“अव पण तोंड पाह्यचं नसते!” आशाबाई किंचाळल्या.

“अंतरपाट आहे ना.”

यात खोट कुठं काढायची, हे भटजींनाही कळेना. अंतरपाट आला. त्याचं एक टोक पिवळ्या खांबाला बांधलं, दुसरं धरायला माणूस ठेवावा तर त्याचे दोन पाय वाढणार. म्हणून ते प्रणितानं स्वतःच धरलं. आपलाच अंतरपाट आपल्या हातानं धरून बसलेली नवरी आदिलाबाद जिल्ह्यात दुसरी झाली असेल, असं वाटत नाही.

वऱ्हाड मांडवाच्या पलीकडं बांधावर जाऊन उभं राहिलं, रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठीत धरून, श्वास रोखून.

अंतरपाटाखालून मेंदी लावलेली बोटं आली. “एक वायर इकडं द्या.”

लखननं एक कान तिला दिला. दोघं कापडाच्या दोन बाजूंना मातीत बसले.

“मले त धडधड ऐकू येते,” ती कुजबुजली.

“ती माही असंन.”

तिला हसू आलं. ते त्याला कापडातून कळलं आणि इतकं बरं वाटलं की क्षणभर तो पाइपलाइन, मशीन, ज्वारी सगळं विसरला. मग आठवलं. रस्त्यावर मशीन सुरू झाल्याची घरघर येत होती.

“नाही आलं तं?” त्यानं विचारलं.

“नाही आलं तं खणू द्या मांडव. मी काही मांडवाशी लग्न नाही करून राह्यली.” मग एकदम, “चूप! चूप बसा!”

लांबून, जात्यावर भरडल्यासारखं, खर्र खर्र काहीतरी येत होतं. गाळात थबकलं असणार आणि मागून दाब आल्यावर सुटलं असणार. ते जवळ आलं, मोठं झालं, दोघांच्या बुडाखालून गडगडत गेलं.

“गेलं! गेलं व माय!” प्रणितानं दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

हात सुटले तसा अंतरपाट सुटला. समोर लखन, बाशिंग वाकडं, नाकाला माती.

आणि बांधावरच्या माणसांना दिसलं ते एवढंच, की अंतरपाट पडला. जन्मभराची सवय. अंतरपाट पडला की अक्षता टाकायच्या आणि बँड वाजवायचा. शेकडो मुठी उघडल्या, ज्वारीचे दाणे ज्वारीतच पडले, बँडवाल्यांनी जीव खाऊन तुताऱ्या फुंकल्या. “थांबा, मंगलाष्टकं राहिली!” म्हणत भटजी धोतर सावरत धावत सुटले, आणि धावता धावताच त्यांनी पहिलं कडवं सुरू केलं.

लखन फोनमध्ये ओरडत होता, “साहेब, गेलं! गेलं!”

“काय गेलं? मुहूर्त?”

“पिग! पिग गेलं!”

रस्त्यावरचं मशीन घरघरणं थांबलं.

प्रणितानं कानातली वायर अजून काढली नव्हती. आता त्यात फक्त पाय होते, साऱ्या गावाचे नाचणारे पाय. त्यातले दोन सगळ्यांच्या पुढं, ताल सोडून, ज्वारीच्या कडेनं धाड धाड येत होते. तिनं मान वळवून पाहिलं. वामनराव होते. टोपी हातात, डोळे मिटलेले, उड्या मारत, आणि उभ्या आयुष्यात तिनं त्यांना नाचताना पाहिलं नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. लखननं दुसरी वायर आपल्या कानातून काढली आणि तीही तिच्या हातात दिली.