निळं तीर्थ

हॉलमधले दिवे विझले. मुरलीधर महाराजांनी काचेच्या भांड्यात एक ओली काडी बुडवली आणि पाण्यात निळ्या प्रकाशाची वेटोळी उतरू लागली. ब्रिस्टलमधलं आमचं अख्खं मराठी मंडळ, पीएचडीवाल्यांसकट, हात जोडून उभं राहिलं.

"अश्वसंजीवनी!" महाराज गरजले. "थेट हिमालयातली! रोज एक पेला, पायांच्या फुगलेल्या शिरा गायब!"

माझे सासरे कमलाकरराव पहिल्या रांगेत होते. पोटऱ्यांवर शिरांचं जाळं, पाय सुजलेले, त्यात हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्यांनी पुढे होऊन पेला हातात घेतला.

"बाबा, आधी जीपीला, आपल्या फॅमिली डॉक्टरला, विचारू या," मी घाबरून म्हटलं.

"अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पाय तरी राहतील का?"

एवढ्यात माझी मैत्रीण निवेदिता उठली. ती विमानाच्या भागांतल्या बारीक भेगा अल्ट्राव्हायलेट प्रकाशात तपासते. कामावरून थेट आली होती, त्यामुळे तो टॉर्च पर्समध्येच होता.

"महाराज, भांड्यामागच्या डब्यात या टॉर्चसारखाच दिवा आहे ना?"

तिने टॉर्च लावला. टेबलावरच्या बाटलीतलं साधं टॉनिक वॉटर निळं उजळलं. वॉशिंग पावडरने धुतलेला सासऱ्यांचा शर्ट चमकला. मग महाराजांचं पांढरं उपरणं लखलखलं.

"काका, आता शर्टही पिणार का?" निवेदिताने विचारलं.

हॉलभर हशा पिकला. निवेदिताने कार पार्कमधल्या झाडाची डहाळी आणून साध्या पाण्यात बुडवली आणि त्यावर टॉर्च धरला. तीच निळाई!

"हा हॉर्स चेस्टनट. मुलं याच्याच बिया दोरीला ओवून एकमेकींवर आपटतात, तो कॉन्करचा खेळ. सालीतलं एस्क्युलिन या न दिसणाऱ्या प्रकाशात निळं चमकतं. आणि ते विषारी आहे. याची कच्ची साल, पानं, बिया पोटात घ्यायच्या नसतात."

"पण जर्मनीत याचंच औषध विकतात!" महाराज ओरडले.

"हिमालय जर्मनीत कधी गेला?" मागून कोणीतरी विचारलं.

"विकतात," निवेदिता शांतपणे म्हणाली. "बियांचा अर्क, विष काढून, प्रमाण ठरवून. सुजेला थोडा आराम पडतो, असं काही अभ्यास सांगतात. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. काका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तोही नको."

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला.

पुढे जीपीने त्यांना घट्ट मोजे दिले. सूज उतरली. "हे चढवायलाच चमत्कार लागतो," ते रोज कुरकुरतात.

कुरकुरू देत. झाडपाला असो की गोळी, आत काय आहे आणि आपल्या इतर औषधांशी त्याचं जमतं का, एवढं तरी आधी विचारावं. विचारलेलं ज्याला खपत नाही, त्याच्या हातचं पाणीही पिऊ नये.