मखमलीखालचा पट्टा

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला पट्टा आहे. पुढच्या सीटचा नव्हे, मागच्या. मागच्या सीटलाही पट्टा असतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, उत्तर मला ठाऊक आहे. मी भिलाईत राहतो. आमची गाडी सेक्टर २ मधल्या एका क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली उभी असते. मला सहा वर्षं झाली, पण मी वापरून जुना झालेलो नाही, पडून पडून जुना झालो आहे. याचा मला राग आहे आणि तो लपवून मी ही गोष्ट सांगणार नाही. गोडगोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर एखाद्या छत्रीकडे जा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेकडो धागे घट्ट विणून मला तयार केलं. मग एका यंत्राने मला दोन्ही टोकांना धरून असं ओढलं, असं ओढलं, की दुसरा कोणी असता तर चिंध्या झाल्या असत्या. मी टिकलो. एका टोकाला मला रिळावर गुंडाळलं, माझ्या अंगावर लोखंडाची जीभ ओवली आणि ती जीभ अडकवायला सीटमध्ये बक्कल बसवलं. मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली गेली. कोणी सावकाश ओढलं तर सैल सुटायचं आणि झटका बसला की जागच्या जागी घट्ट धरायचं. एवढंच माझं शिक्षण, पण त्यात मी पक्का आहे.

गाडी घेतली प्रेमानंदने. तो पोलाद कारखान्यात कामाला आहे. उंच शेडमध्ये, क्रेनच्या रुळांपर्यंत चढून दुरुस्ती करायचं त्याचं काम. तिथे अंगभर पट्टे बांधून, त्यांचा हुक लोखंडी दोराला अडकवल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. नव्या पोरांना तोच शिकवतो. गाडी चालवता चालवता तो आपलं भाषण मोठ्याने घोकायचा, म्हणून मलाही ते पाठ झालं आहे. "हुक अपने लिए नहीं, घरवालों के लिए लगाते हैं!" किती छान वाक्य! ऐकून माझी छाती फुगायची. वाटायचं, चला, आपण जाणत्या माणसाच्या घरी पडलो.

त्याच वर्षी सुरक्षा सप्ताहात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आनंदाच्या भरात त्याने गाडी सजवायला काढली. सुपेल्याच्या बाजारातून वाइन रंगाची मखमली कव्हरं बसवून घेतली. कव्हर बसवणाऱ्याने कात्री हातात धरून विचारलं, "भैया, पीछे के बेल्ट के लिए काट दूँ क्या?"

प्रेमानंद म्हणाला, "रहने दो. पीछे कौन लगाता है? मखमल ख़राब हो जाएगी."

झालं! ज्या हातात सुरक्षेचं बक्षीस होतं त्याच हाताने मला जिवंत गाडलं. माझं बक्कल मखमलीखाली गेलं आणि मी नुसता खांबाला लटकत राहिलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय? त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग गाडीत एकेक वस्तू येत गेली. मानेला उशा आल्या, अत्तराची बाटली आली, डिकीत धडधडणारा बास बॉक्स आला. पुढे बोटाने चालणारा मोठा स्क्रीन आला. चालवणाऱ्याने पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण वाजायची, तर त्याच्या बक्कलात खोचायला लोखंडाची एक नकली जीभही आली. ती खोचली की बिचारी गाडी समजायची, पट्टा लावला. प्लांटच्या गेटजवळ मात्र नकली जीभ निघायची आणि खरा पट्टा छातीवर यायचा, कारण तिथे तपासतात. गेटपासून दूर आलं की पुन्हा नकली. पुढचा पट्टा मला म्हणायचा, "निदान मला हवा तरी मिळते."

या घरात फक्त एका माणसाने मला शोधलं. ती प्रेमानंदची मुलगी उन्नती. वय वर्षं अकरा, आणि तोंडाची टकळी अशी की बास बॉक्सनेही हार मानावी. शाळेत कोणीतरी येऊन रस्त्यावरच्या अपघातांबद्दल सांगून गेलं होतं. त्या दुपारी ती गाडीत बसली आणि तिने मला ओढलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला पूर्ण उलगडलं. माझी जीभ हातात धरून ती मखमल चाचपडत राहिली.

"पप्पा, हा कुठं लावू? याचं लॉक कहाँ है?"

"खाली दबलं असन. राहू दे न वं, मागं काय होते?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा शोधलं. तिसऱ्या दिवशी तिने कव्हराच्या शिवणीत बोटं घातली, पण ते खालून करकचून बांधलेलं होतं. "कापून द्या न, पप्पा," ती म्हणाली.

"एवढी मखमल कापाची? पाहू पुढच्या रविवारी."

असे पाच रविवार गेले. मी एकेक मोजला. सहावा उजाडायच्या आत बुद्धपौर्णिमा आली.

त्या दिवशी कोहक्याच्या विहारात खीरदान होतं. प्रेमानंदची बायको संघमित्रा सकाळीच पुढे गेली होती. खिरीचा मोठा स्टीलचा डबा दुपारी प्रेमानंद आणि उन्नतीने न्यायचा होता. त्याने डबा पुढच्या सीटवर ठेवला. वळणावर खीर सांडेल म्हणून डब्याखाली टॉवेल दिला. आणि मग, मित्रांनो, त्याने पुढचा पट्टा ओढून त्या डब्याला नीट बांधला. बक्कल लागलं की नाही, ते दोनदा हलवून पाहिलं. मागे मुलगी मोकळी बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक.

गाडी निघाली. बास बॉक्स धडधडू लागला. प्रेमानंद म्हणाला, "उन्नती, गाणं बदल न वं, मले हे नाई आवडत." ती उठली, दोन सीटच्या मधून पुढे वाकली आणि स्क्रीनवर बोट फिरवू लागली. तेवढ्यात एक स्कूटर उलट्या दिशेने अंगावर आली. प्रेमानंदने करकचून ब्रेक दाबला. स्कूटरवाला वाचला. झटका बसताच मी जन्मभर शिकलेलं काम केलं. रीळ जागच्या जागी घट्ट धरलं. पण धरलं कोणाला? रिकाम्या हवेला. उन्नती माझ्या समोरून पुढे फेकली गेली आणि तिचा चेहरा स्क्रीनवर आदळला.

खिरीचा एक थेंबही सांडला नाही.

तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. पुढचे दोन दात गेले. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकले. पाच आठवडे तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, सगळं पातळ करून नळीने प्यायचं. दवाखान्यातून घरी येताना संघमित्रा मागे मुलीला कुशीत घेऊन बसली होती. ती म्हणाली, "डबा बांधला तुमी, पोरगी नाई बांधली. खीर वाचली न? आता तेच पाजा तिले, नळीनं."

प्रेमानंद म्हणाला, "मले का मालूम होतं, एवढुशा ब्रेकनं..."

"तुमाले नाई मालूम? तुमाले? बक्षीस कायचं भेटलं होतं मंग?"

मित्रांनो, त्या माउलीच्या पायावर मी डोकं ठेवलं असतं.

उन्नती आता वहीत लिहून बोलायची. घरी बोलायची मराठी, पण लिहायची शाळेसारखं हिंदी. पंधरा दिवसांनी तिला तपासायला नेत असताना तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही पुढे दिली. प्रेमानंद गाडी चालवत होता, म्हणून संघमित्राने मोठ्याने वाचलं. "पापा, हुक तो घरवालों के लिए लगाते हो न? मैं घर की नहीं हूँ क्या?"

प्रेमानंदने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टीअरिंगवर डोकं टेकवून तो रडू लागला. तुम्हाला वाटेल, मला त्याची कीव आली असेल. नाही आली.

त्याच संध्याकाळी तो सुरी घेऊन आला आणि त्याने मागची मखमल उभी आडवी फाडली. बक्कलं बाहेर निघाली. त्यांच्या खाचेत बिस्किटाचा चुरा, एक रबरबँड आणि पेन्सिलीचं टोक अडकलेलं होतं. काडीला कापूस गुंडाळून त्याने ते साफ केलं. पुढची नकली जीभ काढून नालीत फेकली. माझी जीभ बक्कलात घालून त्याने चारदा ओढून पाहिलं. हे सगळं कामाचं होतं, चांगलं होतं. पण याला दहा मिनिटं लागली, मित्रांनो. फक्त दहा मिनिटं! त्यासाठी एका मुलीचा जबडा मोडावा लागला.

पाच आठवड्यांनी तार निघाली. त्या दिवशी प्रेमानंदची आई, भागीरथा आजी, नातीसोबत दवाखान्यात आली होती. परतताना प्रेमानंद आणि संघमित्राने पुढे पट्टे लावले. मागे उन्नतीने मला ओढलं आणि जीभ बक्कलात घातली. खट् आवाज झाला. तिच्या खांद्यावरून मी छातीवर आलो, आणि या सहा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी कशासाठी विणला गेलो होतो. आजी शेजारी मोकळीच बसली होती.

"मले नाई लागत हे," आजी म्हणाली. "गुदमरते मले. आन इथंच तर जाचं हाय."

प्रेमानंदने गाडी सुरू केली आणि दवाखान्याच्या अरुंद गल्लीत घातली.

"पप्पा, गाडी बंद करा."

आवाज जाड होता, शब्द अडखळत होते. डॉक्टरांसमोर ती काय बोलली ते मला माहीत नाही, पण गाडीत पाच आठवड्यांनी निघालेले हे तिचे पहिले शब्द होते. प्रेमानंदने आरशात पाहिलं. मग त्याने किल्ली फिरवली आणि हात मांडीवर ठेवून बसला. मागे दोन गाड्या थांबल्या, मग चार. हॉर्न वाजू लागले. कोणीतरी ओरडलं, "अरे भैया, चलो न!" प्रेमानंद हलला नाही, संघमित्राही हलली नाही. आजीने नातीच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणांकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत आपल्या बाजूचा पट्टा ओढला.

"कुठं लावाचं हाय? सांग बाई."

मित्रांनो, मी अजून कोणालाही माफ केलेलं नाही. तुम्हीही करू नका. आज गाडीत मागे बसाल तेव्हा सीटमध्ये हात घालून बक्कल शोधा. सापडलं नाही तर विनवण्या करत बसू नका आणि रविवारची वाट पाहू नका, गाडी पुढे जाऊच देऊ नका. मोठी माणसं चिडतील, जवळच तर जायचं आहे म्हणतील, उशीर होतो आहे म्हणतील. होऊ द्या उशीर.