मानाचा ढोल वसुलीला जातो

मित्रांनो, शेलखाडी या लहानशा शहराचा उद्धार कसा झाला, तो घडवून आणणाऱ्या नगराध्यक्षा सौ. रंजिताताई घरत यांचे कार्य किती थोर, आणि त्या कार्याला माझा हातभार लागूनही मला आज तोंड दाखवण्याची लाज का वाटते, हे सर्व मी या ठिकाणी यथामती निवेदन करणार आहे. मी एक जुना ढोल आहे. ढोलाला आवाज असतो, पण अक्षरे नसतात. म्हणून मला वाजवणारे गोटीराम यांनी माझे मनोगत कागदावर उतरवले आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असल्याने काही उणे राहिल्यास आपण सांभाळून घ्यावे.

माझा जन्म पेणच्या बाजूला एका कारागिराच्या अंगणात झाला. आंब्याचे खोड आतून कोरून माझे शरीर घडवले गेले. दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे मढवून दोर आवळण्यात आले. शेलखाडीच्या गावदेवी मंडळाने मला मोठ्या हौसेने विकत आणले, तेव्हा गावाभोवती भाताची शेते होती. पुढे शेते गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि गावाचे शहर होऊन त्याला नगरपरिषद मिळाली. तरीही गावठाणातील कोणत्याही घरी हळद असो, पहिली थाप माझीच पडत असे.

मित्रांनो, आमच्या गावची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. मंडळाचा ढोल ज्या दारात उभा राहतो, त्या घरची थोरली बाई बाहेर येते. ती वाजवणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते, ढोलाला हळदकुंकू लावते आणि वर नारळ ठेवते. त्याशिवाय ढोल दारातून हलत नाही. श्रीमंत असो वा गरीब, सवाष्ण असो वा विधवा, हा मान कोणीही चुकवला नाही. माझ्या कातड्यावर कुंकवाचे इतके थर बसले होते की मूळचा रंग दिसेनासा झाला होता. मला त्याचा मोठा अभिमान होता.

रंजिताताई निवडून आल्या तेव्हा नगरपरिषदेची अवस्था अत्यंत शोचनीय होती. विजेचे बिल थकल्यामुळे रस्त्यांवरच्या दिव्यांची जोडणी तोडली गेली होती. सफाई कामगारांना कित्येक महिने पगार नव्हता. तलावात जलपर्णी माजली होती आणि मच्छी बाजाराचे छप्पर कोसळले होते. ताईंनी प्रथम स्वतःची सरकारी गाडी बंद केली आणि त्या स्कूटीवरून कचेरीत येऊ लागल्या. नगरपरिषदेचे गाळे ज्यांनी जुन्या ओळखीवर नाममात्र भाड्याने बळकावले होते, त्यांच्याकडून काढून घेऊन ताईंनी त्या गाळ्यांचा जाहीर लिलाव केला. त्यात ताईंच्या सख्ख्या दिराचाही गाळा गेला. दीर वर्षभर बोलत नव्हते. ताई म्हणाल्या, "नका बोलू. दिवे तर लागले ना?"

तथापि घरपट्टी काही केल्या वसूल होईना. नोटिसा जात, लोक त्या बाजूला टाकत. तेव्हा कर विभागाचे लिपिक पार्थ यांनी सुचवले, "मॅडम, थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचा. बाकी शहरांत करतात. इज्जतीचा सवाल आला की लोक लगेच भरतात."

ताईंनी मंडळाकडे मला मागितले. गोटीराम हे नगरपरिषदेत रोजंदारीवर होते. ते चाचरत म्हणाले, "ताई, हा ढोल मानाचा हाय. वसुलीला कसा न्यायचा?"

"मानाचा आहे म्हणूनच नेऊ या," ताई म्हणाल्या. "गावाच्या कामाला गावाचा ढोल. यात कमीपणा कसला?"

हे बोलणे मलाही पटले. उलट माझी छाती फुगली.

पहिली स्वारी बिल्डर हौसेराव यांच्या बंगल्यावर गेली. गोटीरामांनी टिपरू उचलले आणि मी असा दणाणलो की समोरच्या टॉवरच्या सर्व गॅलऱ्या भरून गेल्या. पार्थ यांनी भोंग्यावरून नाव पुकारले. हौसेराव लुंगीवरच धावत बाहेर आले. "अरे बंद कर बाबा! वरात काढतोस की काय माझी? चेक देतो, चेक!" लोक पोट धरून हसले. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र झळकले.

तदनंतर मी दुकाने, हॉल, सोसायट्या यांच्या दारांत गर्जत फिरलो. पुष्कळ ठिकाणी तर मी कोपऱ्यावर दिसताच लोक कचेरीकडे धावत. कामगारांना पगार मिळाले. तलाव स्वच्छ झाला, त्याच्या काठी बाके आली, मच्छी बाजारावर पत्रे चढले. शासनाने नगरपरिषदेचा गौरव केला आणि ताईंच्या कार्याचा अहवाल छापण्यात आला, त्याच्या मुखपृष्ठावर मी होतो. इतक्या दारांत मी उभा राहिलो, पण एकाही दारात मला कुंकू लागले नाही, ही गोष्ट त्या कौतुकाच्या भरात माझ्या लक्षातच आली नाही.

आणि मग बायजाबाईंचे दार आले.

बायजाबाई या गावठाणातील सत्तरी ओलांडलेल्या विधवा. त्यांच्या पतीने भाड्याने देण्यासाठी मागे खोल्या बांधल्या होत्या. जवळचा कारखाना बंद पडला, भाडेकरू गेले, खोल्या ओस पडल्या. पट्टी मात्र चालूच राहिली आणि थकली. त्यांची नात प्रिया ऐरोलीला एका कंपनीत नोकरीस होती. तिचे लग्न ठरले होते आणि हळद आठवड्यावर आली होती. रीतीप्रमाणे बायजाबाईंनी मंडळाला सुपारी देऊन मला हळदीचे निमंत्रणही केले होते.

त्या सकाळी पार्थ यांनी आम्हाला कोणत्या घरी नेले, हे गोटीरामांना अंगणात पोचल्यावरच कळले. ते थांबले. "साहेब, हे घर राहू दे. लग्नघर हाय."

"मोठ्यांच्या दारात वाजवलं आणि गाववाल्यांना सोडलं, असं उद्या लोक बोलतील. वाजवा."

गोटीरामांनी टिपरू मारले. मी वाजलो. मित्रांनो, मला न वाजता राहता येत नाही.

आवाज ऐकताच घरात लगबग उडाली. "अगो, ढोल आला! आजच आला!" असे म्हणत बायजाबाई पदर सावरत बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात हळदकुंकवाचे ताट. त्या हसत होत्या. मागोमाग वराकडील पाहुणे उंबऱ्यात आले. योगायोगाने त्याच दिवशी ऐरोलीची मंडळी देण्याघेण्याचे बोलायला आली होती.

"गोटीराम, हलद पुढल्या आठवड्यान हाय रं," बायजाबाई म्हणाल्या. "दिस चुकलास काय? बरा, आलास तं आलास. पाय पुढं कर."

त्यांनी वाकून गोटीरामांच्या पायांवर पाणी घातले. त्याच वेळी भोंग्यातून त्यांच्या दिवंगत पतीचे नाव आले, आणि थकबाकीदार हा शब्द आला. अंगणाबाहेर माणसे जमली होती. वराचे मामा खोकल्यासारखे हसले. "काय गो आजी, तुमच्या गावात हळदीच्या आधी वसुलीची हळद लागते काय?"

बायजाबाईंचा कुंकवाचा हात हवेत राहिला. त्या क्षणी माझे कातडे फाटले असते तर फार बरे झाले असते. गोटीरामांनी टिपरू खाली घातले. आत लग्न मोडते की काय या भीतीने बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मामांनी चपला पायांत सरकवल्या. "बघू. घरी विचार करून कळवतो."

तेव्हा प्रिया पुढे आली. ती स्पष्ट बोलली. "मामा, पट्टीची बाकी राहिलीय, माझ्यात काही बाकी नाही. आजी भरेल, नाहीतर मी भरेन. तुम्हाला जायचं असेल तर चहा घेऊन जा. उपाशी कुणी जात नाही आमच्याकडून."

नवरा मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "मामा, बसा ना. आपल्या घराची पट्टी तरी कुठे भरलीय?" कोणीतरी फिस्सकन हसले. मामांनी चपला काढल्या आणि ते आत जाऊन बसले. लग्न वाचले.

परंतु बायजाबाई अंगणातच होत्या. त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावले. नारळ आणून माझ्यावर ठेवला. "दारान आलेला ढोल मोकला धाडाचा नाय," त्या म्हणाल्या. मग गोटीरामांकडे पाहून हळूच बोलल्या, "तुझा मान झाला. आता परत येव नको."

तेवढे बोलून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतले.

ही वार्ता रंजिताताईंच्या कानावर गेली. त्या दिवसापासून त्यांनी ढोलाची वसुली बंद केली आणि दुसऱ्या दिवशी गोटीरामांना घेऊन बायजाबाईंकडे गेल्या. मी गोटीरामांच्या खांद्यावर होतो. त्यांनी मला अंगणाबाहेर उतरवून ठेवले.

"काकी, चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "हप्ते बांधून देते. पण हळदीला ढोल न्या. तुमच्या दारातून तो असा परत गेला तर गावाला बरं दिसणार नाही."

"हप्ते दे, मना पाहिजेन," बायजाबाई म्हणाल्या. "आनि ताई, तू काम बरा केलास. तलावावर मी रोज सकाली बसतंय. सुनंला बाजारान जावाला दिवा हाय. तुझा नाव मी वाईट घेवाची नाय. पन ढोल नको. त्यो वाजला का माझे कानान भोंगाच वाजल. पोरीचे हलदीन मना भोंगा नको."

ताईंनी हप्त्यांचा कागद तेथेच लिहून दिला. गोटीरामांनी मला उचलून नगरपरिषदेच्या कोठारात नेऊन ठेवले. 

हळदीच्या संध्याकाळी मी नगरपरिषदेच्या कोठारात बंद पडलेल्या दिव्यांशेजारी होतो. मंडळाने मला परत मागितले नव्हते, कारण आता मी कोपऱ्यावर दिसलो की गावठाणातील दारेही बंद होऊ लागली होती. दिवेलागणीच्या सुमारास बायजाबाईंच्या घराकडून आवाज आला. बायकांनी पितळी परात पालथी घालून तीवर ठेका धरला होता. पहिल्यांदा तो विस्कळीत होता, नंतर जमला, आणि अंगण गाऊ लागले. रंजिताताईही जमिनीवर बसून परात वाजवत होत्या, असे गोटीरामांनी मला नंतर सांगितले. हळद अतिशय सुरेख झाली. माझी उणीव कोणालाही भासली नाही.

मित्रांनो, शहराचे दिवे लागले पाहिजेत, त्यासाठी प्रत्येकाने आपली पट्टी वेळेवर भरली पाहिजे, यात शंका नाही. ताईंच्या कार्याला मी आजही वंदन करतो. माझी विनंती एवढीच की, गावाने ज्याला प्रेमाने आपल्या दारात घेतले, त्याचा कोणाच्या दारात अपमान करण्यासाठी उपयोग करू नये. अपमानाने पैसा लवकर येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. दार पुन्हा उघडायला किती काळ लागतो, ते मात्र मला अजून कळलेले नाही.

हे वाचण्यास आपण आपला अमूल्य वेळ दिलात, त्याबद्दल ढोलाच्या वतीने व माझ्या वतीने सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
गोटीराम जोमा भोईर
गावठाण, शेलखाडी