बारावं घर

साल एकोणनव्वद. गुरुवारच्या बैठकीत शिंपीकाकांनी सहज विचारलं, "सिस्टर, तुमचे चिरंजीव हल्ली दिसत नाहीत?"

"बाहेरगावी गेलाय. मोटारदुरुस्तीचं मोठं काम मिळालंय."

चिरंजीव घरीच होते, दार लावून.

आदल्या वर्षी बाजारात गजराच्या घड्याळावर लावलेल्या बॉम्बचा स्फोट झाला, नऊ माणसं गेली. करणारे दोघं याच वस्तीतले निघाले, तेव्हा पाचसहा जणांनी ही बैठक सुरू केली. कोणाचं पोर त्या दोघांच्या टोळीच्या नादी लागलंय असं कळलं, की त्याच्या घरी जायचं. उपदेश करायचा नाही. त्याला येणारं काहीतरी काम घेऊन जायचं आणि ते होईपर्यंत बसून राहायचं. दवाखान्यातल्या सिस्टर अशा अकरा घरांत बसल्या होत्या. शिंपीकाकांच्या थोरल्याकडून तर त्यांनी एकाच झग्याला तीनदा बटणं लावून घेतली, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला.

त्या संध्याकाळी मुलाच्या खाटेखाली त्यांना खोकं दिसलं. आत सहा गजराची घड्याळं, कोरी करकरीत. घड्याळाला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. सिस्टरांनी खोकं होतं तसं आत सरकवलं. बैठकीतल्या कोणाकडे त्याचं नाव घेतलं तर तो पुन्हा तोंड बघणार नाही. न घेतलं तर कोणाकोणाच्या जखमा धुवाव्या लागतील, ते त्यांना ठाऊक होतं.

सकाळी त्या शिंपीकाकांच्या दुकानात गेल्या. "काका, काल मी खोटं बोलले. बारावं घर माझंच आहे."

"हात्तिच्या, एवढंच ना?" काका म्हणाले. त्यांनी टेबलावरचा चालू पंखा बंद केला, पाठचं झाकण काढलं आणि आतली तार कात्रीनं कापली. "चला. बिघडला."

सिस्टरांच्या घरी मुलानं पंखा उघडला. "काका, ही तार कोणीतरी कापलीय."

"मीच. तू जोड."

"आईनं पाठवलं?"

"आईनंच. घड्याळं बघून."

तो आईकडे वळला. "पोटच्या पोराचं नाव घेतलंस?"

"घेतलं," सिस्टर म्हणाल्या आणि दाराशी बसल्या.

तीन दिवस काकांना पंखा पसंत पडेना. "अजून करकरतोय रे." ते तिथंच जेवले, तिथंच आडवे झाले, ढाराढूर घोरले. तिसऱ्या दिवशी मुलानं खोकं ओढून त्यांच्यापुढे ठेवलं. "उठा आता. तुमच्या घोरण्यानं वेड लागेल मला."

काका त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. चार वर्षांची शिक्षा झाली त्याला.

काका जाऊन आता बराच काळ लोटला. दुकान थोरला बघतो. बाजारात पुढं काही घडलं नाही, त्यामुळे बैठक कोणाला आठवतही नाही. मुलाचं दूरच्या गावी मोटारींचं दुकान आहे, बायको-मुलं आहेत. काकांना तो शेवटपर्यंत स्वतः पत्रं लिहीत असे. सिस्टरांना सून लिहिते.

मुलगा वर्षातून एकदा येतो. जेवताना "भाजी चांगली झालीय" एवढं म्हणतो, तेही ताटाकडे बघून. सिस्टर समोर बसतात आणि त्याच्या हातांकडे बघत राहतात. दहाही बोटं शाबूत आहेत.