मनकर्णाबाईंना घेऊन गेलेली नाव

मित्रांनो, कयाधूच्या काठावर पालथी पडलेली जुनी नाव म्हणजे मी. मी दुःखी आहे असं समजू नका. मी रागावलेली आहे.

सोनाजी सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. मालक घाटाचा ठेकेदार, वल्हवणारा ग्यानबा. पाऊसकाळ सरला की लांबलांबून माणसं येत आणि माझ्यात बसून नदीकाठची जुनी देवळं पाहत. "ग्यानबाची नाव पाणी हालू देत न्हाई," असं लोक म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

१९७४च्या दिवाळीत हिंगोलीला शिकवणाऱ्या मंजुळाबाई आपल्या आईला घेऊन आल्या. बौद्ध घरातल्या मनकर्णाबाईंनी याच गावात जन्मभर मजुरी केली. पण घाटावर त्यांना कोणी येऊ दिलं नव्हतं. तिथे दोन नावा होत्या. मोठी, रंगवलेली नाव सोडून मंजुळाबाई म्हणाल्या, "आई, ही धाकली बरी. हळू चालती, तुला समदं नीट दिसंल."

ठेकेदार आडवा आला. "ही भरली."

माझ्यात चारच माणसं होती.

"रिकाम्या फळ्या दिसून राहिल्या मला," असं म्हणत मंजुळाबाई आईचा हात धरून आत बसल्या. ती चौघं उठून गेली. ग्यानबा मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचाही संताप आला.

मनकर्णाबाई त्याला म्हणाल्या, "ग्यानबा, तुज्या रानात म्या निंदलं ते चाललं. मंग नावेत बसलेलं काहून चालत न्हाई?"

ग्यानबाने मान वर केली. त्याने दोर सोडला.

आम्ही पुरी फेरी मारली. एका देवळाच्या भिंतीवर सात दगडी हत्तींची रांग आहे, ती पाण्यातूनच दिसते. मनकर्णाबाईंनी सातही हत्ती मोजले. तुटक्या सोंडेचा हत्ती पाहून त्या खुदकन हसल्या. "घाटाच्या खालच्या अंगाला ह्याच पाण्यात जलमभर धुणं धुतलं," त्या म्हणाल्या, "पण गाव हितून एवढं देखणं दिसतं हे ठावं नव्हतं."

परतताच ठेकेदाराने ग्यानबाला काढून टाकलं. मी बाटले म्हणे, म्हणून मला ओढून पालथं घातलं. पाच वर्षं झाली. माझं डांबर सुटलं, फळ्या चिरल्या. येणारेजाणारे म्हणतात, "जुनी झाली बिचारी." खोटं आहे. मला वयाने नाही, माणसांनी कुजवलं.

ग्यानबा मधूनमधून येऊन बसतो. एकदा म्हणाला, "फेरी मारली त्याचा पस्तावा न्हाई. आधी थांबलो, त्याचा हाय."

मित्रांनो, माझ्या फळ्या बदला, डांबर लावा, मी पुन्हा तरंगेन. पण माणसं निवडून बसवणार असाल, तर मला हात लावू नका.