साबूत अस्तर

शिंप्याचा जन्म संशय घेण्यात गेला होता. गिऱ्हाइकाने कमरेचं माप सांगितलं तरी तो टेप लावल्याशिवाय मानत नसे, आणि टेप लावल्यावर टेपवरही डोळे वटारायचा. स्वातंत्र्ययुद्धाच्या संग्रहालयात वहिनीबरोबर शिरतानाही त्याच्या कपाळाला आठी होती. आत जायला तिकीट नव्हतं, तिथेच पाल चुकचुकली. फुकट दाखवतात म्हणजे माल खोटा असणार!

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ चाळीस वर्षांपूर्वी युद्धात गेला. प्रेत आलंच नाही, आला तो फक्त कोट. शिंप्यानेच अठराव्या वर्षी शिवलेला. वहिनीने तो ट्रंकेत कुलूपबंद ठेवला. 'बघवत नाही' म्हणायची आणि दुसऱ्यालाही बघू द्यायची नाही. सहा महिन्यांपूर्वी मात्र दिराला न विचारता तिने तो संग्रहालयाला देऊन टाकला. खरा कोट हिने कधीच विकला आणि इथे भलताच आणून टांगला, हे शिंप्याने मनाशी पक्कं धरलं होतं. आज त्याला सोक्षमोक्ष लावायचा होता.

"हळू चाला भावोजी, कोट काही पळून जात नाही," वहिनी म्हणाली. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे त्याने टिपलं.

काचेच्या पेटीत कोट टांगला होता, बटणं उघडी, मागे आरसा. खाली पाटी होती: 'छातीवर गोळी झेलली.' शिंप्याने चष्मा पुसला. कॉलर त्याच्याच हातची. डावा खिसा जरा वर बसलेला, ती चूकही त्याचीच. म्हणजे कोट खरा! त्याला स्वतःची लाज वाटली. ती फार वेळ टिकली नाही.

छातीवर भोक होतं, कडा जळक्या. पण बटणं उघडी असल्याने कोटाची आतली बाजू दिसत होती आणि भोकामागचं अस्तर साबूत होतं. ही कसली गोळी, जी कापडात शिरली आणि अस्तराला नमस्कार करून परत फिरली? शिंप्याने काचेला नाक लावून आरशात पाहिलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, रफू होता. दुसऱ्या कुणाच्या बापाला दिसला नसता. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढून केलेलं काम. ही युक्ती त्याने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाठीतलं भोक बुजवलंत आणि छातीला नवं पाडलंत. दादा पळत होता काय?"

"एका जखमीला ओढत मागे आणत होते हे. कोट घेऊन आलेल्या सोबत्याने सांगितलं."

"मग लपवलंत कशाला? लोकांना एवढ्या घाबरलात?"

"लोकांना नाही. तुम्हाला."

शिंपी काचेपासून वळला.

"ह्यांच्या आधी आठच दिवस गल्लीतल्या सुताराच्या मुलाचं प्रेत युद्धावरून आणलं होतं," वहिनी म्हणाली. "गोळी पाठीत. तुम्ही भर चौकात म्हणालात, पाठीत गोळी म्हणजे पळपुटा. लोक हसले. त्याच्या आईने दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. मग असा कोट मी तुमच्या हातात कशी देऊ?"

शिंप्याला ते वाक्य चांगलं आठवत होतं. तेव्हा त्याला ते फार झकास वाटलं होतं. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पाहुण्यांना माहिती सांगणारी बाई जवळ आली. "काका, मघापासून निरखताय. काही चुकलंय का आमचं?"

वहिनीने त्याची बाही घट्ट धरली.

"कोटात काही नाही," शिंपी म्हणाला. "पण त्या भिंतीवर शहिदांची नावं आहेत, त्यात आमच्या गल्लीतल्या सुताराचा मुलगा कुठे आहे?"

बाईने हातातल्या वहीची पानं उलटली. "त्याचं नाव घेतलेलं नाही, काका. तो पळताना मेला म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे नंतर," शिंपी म्हणाला. "आधी मी म्हणालो, आणि मी काहीही पाहिलं नव्हतं. लिहून घ्या."